तुळईची उशी

माळशेंदला कुठेही घर चढत असलं, की भिंतीच्या माथ्यावर कापसाची उशी ठेवलेली दिसेल. हसू नका. एका गवंड्याचा खांदा त्यापायी गेलाय.

सांगतात ते असं. येसाजी खोत लेकीच्या लग्नाआधी नवं घर उभं करत होता. भिंती मातीच्या आणि वर सागाची जाडजूड तुळई. बहिर्जी गवंडी पहिल्या दिवसापासून घसा कोरडा करून सांगत होता, "खोत, तुळईच्या टोकाखाली उशी पाहिजे." उशी म्हणजे सपाट दगड, भार भिंतीभर पसरवणारा. तो नसला तर टोक मातीत रुतत जातं. खोत म्हणे, "उद्या बघू." दगड नव्हता असं नाही. न्हाणीत अंघोळीला बसायला घातला होता, तो उपटायचं खोताच्या जिवावर आलं होतं. चौथ्या दिवशी बहिर्जीने परत मागितली, तर घरातून खरोखरची उशी आली, अभ्र्यासकट. त्याने कपाळावर हात मारला. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

मुहूर्त टळतोय म्हणून, बहिर्जी भाकरी खायला गेल्याचं पाहून, खोताने गड्यांकडून तुळई तशीच चढवली. बहिर्जी परतला तेव्हा टोकाखालची माती भसाभस गळत होती, आणि बरोबर खाली खोताची लेक गोदा जमीन सारवत बसली होती. तो परांचीवर चढला आणि तुळईखाली खांदा दिला.

"पोरी, बाहेर हो! उशी आणा कुणीतरी!"

खोत धावत गेला आणि काय घेऊन आला म्हणता? तीच कापसाची. म्हणे बहिर्जी त्या वेळी रागाने रडला. शेवटी अक्कल चालली ती गोदेची. तिने गड्यांना न्हाणीत नेलं आणि दगड उपटून आणवला.

दगड सरकवला, तुळई बसली. बहिर्जीचा खांदा मात्र कायमचा उतरला, पुन्हा थापी धरता आली नाही. गावाने विचारलं, काय हवं? तो म्हणाला, यापुढे तुळईला उशी मिळेपर्यंत घरधन्यालाही मिळू नये.

आजही तुळई चढायच्या आधी गवंडी भिंतीवरची उशी उचलून विचारतो, "कुणाची?" घरधन्याने "माझी" म्हणायचं आणि दगड बसेपर्यंत बिनउशीचं झोपायचं. पूर्वी दगडाला आठ-आठ दिवस लागत. आता उजाडायच्या आत येतो.