दर्पसेन महाराजांपुढे वाकलेलं दार

महाराजांचा मुकुट धुलाईयंत्रात पडला आणि यंत्र सुरू झालं!

पडला तोही साऱ्या टणकगडादेखत. राज्यात तयार झालेल्या पहिल्या घरगुती धुलाईयंत्राचं उद्घाटन होतं, मांडव माणसांनी फुलला होता. दर्पसेन महाराज आपला शेला आत टाकायला वाकले. यंत्राचं दार बाजूला उघडणारं. ते फिरून मागे आलं, मुकुटावर आपटलं आणि मुकुट गडगडत आत! घाबरलेल्या प्रधानजींनी दार लावलं आणि नको तीच कळ दाबली. दाराच्या काचेतून अख्ख्या प्रजेने पाहिलं, राजमुकुट साबणाच्या फेसात गरगर फिरत होता.

दुसऱ्या दिवशी दरबारी वर्तमानपत्रात मथळा झळकला, ‘महाराजांनी घालून दिला स्वच्छतेचा आदर्श!’ आणि दाराची बिजागरी घडवणारा राणबा लोहार तुरुंगात गेला.

“आमच्या घराण्यात आजवर कोणी वाकलेलं नाही!” महाराज गरजले. “त्या लोहाराच्या बिजागरीने मला वाकवलं! येत्या पौर्णिमेला याच मांडवात मी पुन्हा शेला आत टाकणार. दार मीच उघडणार, मीच लावणार, आणि वाकणार नाही! तशी बिजागरी करा. नाही जमली तर राणबा जन्मभर आत!”

“महाराज, यंत्रच उंच चौथऱ्यावर ठेवलं तर?” कोणीतरी चाचरत म्हणालं.

“म्हणजे यंत्र माझ्या सिंहासनापेक्षा उंच?”

“मग दाराऐवजी वर झाकण करू...”

“म्हणजे मी आत डोकावू? डोकावणं म्हणजे वाकणंच!”

झालं. प्रधानजींनी बिजागरी समिती नेमली. समिती परदेशी जाऊन तिथल्या बिजागऱ्या पाहून आली. मग थंड हवेच्या ठिकाणी बसून तिने खूप विचार केला. शेवटी निष्कर्ष निघाला की बिजागरीत दोष नाही, महाराजांचीच उंची जास्त आहे. पण हे महाराजांना सांगणार कोण? ते ठरवायला आणखी एक समिती नेमावी, अशी शिफारस करून सगळे जेवायला गेले.

इकडे राणबाची मुलगी येसू रोज तुरुंगात बापासाठी भाकरी घेऊन जात होती. कोठडीच्या दाराला तळाशी एक लोखंडी झडप होती. तिथला शिपाई मोठा ऐटबाज. तो साखळी सैल करायचा, झडप पुढे पडून आडवी व्हायची. तो उभ्याउभ्या तिच्यावर भाकरी टाकायचा, साखळी ओढायचा, झडप वर उठायची आणि भाकरी घसरत आत जायची.

“शिपाईदादा, वाकून हातात दिली तर काय बिघडेल?” एकदा येसूने विचारलं.

“कैद्यापुढे वाकू? सरकारी माणूस आहे मी!”

येसू हसली. मग हसता हसता थांबली आणि झडपेकडे बघतच राहिली.

“आबा, ही बिजागरी कोणाच्या हातची?”

“माझ्याच, पोरी,” आतून आवाज आला. “शिपायांना वाकायला नको म्हणून करून घेतली होती माझ्याकडून.”

“अहो, मग आठवली कशी नाही?”

“आठवून काय करू? इथून नुसती भाकरी दिसते!”

येसू धावतच घरी गेली. बापाशेजारी बसून लोखंड ठोकण्यात तिचं लहानपण गेलं होतं. तिने भट्टी पेटवली.

पौर्णिमेला मांडव पुन्हा भरला. येसू नवी बिजागरी बसवून यंत्राशेजारी उभी होती. महाराज यंत्रासमोर उभे राहिले. दाराच्या डावीकडे बिजागरी नव्हती, उजवीकडेही नव्हती.

“ए पोरी! बिजागरी विकून खाल्लीस की काय?”

“खाली आहे, महाराज. मान राहू द्या ताठ, नुसते डोळे खाली करा. आणि राजदंड टेकवा त्या खिटीला!”

महाराजांनी राजदंड टेकवला. खटका सुटला. दार सावकाश पुढे झुकलं आणि महाराजांच्या पायाशी आडवं झालं.

“आता सांगा महाराज, वाकलं कोण?”

महाराजांच्या मिशा हलल्या. त्यांनी उभ्यानेच शेला दारावर टाकला. दाराला बांधून हाताशी आणलेली रेशमी दोरी ओढली. दार वर उठलं, शेला घसरत आत गेला. मांडव टाळ्यांनी दणाणला!

“कुठे शिकलीस हे?”

“तुमच्या तुरुंगात, महाराज. तिथे शिपाई न वाकता माणसांना भाकरी घालतो.”

टाळ्या विरल्या. ही संधी साधून प्रधानजी पुढे सरसावले, खटका दाबून त्यांनी दार पुन्हा पाडलं.

“महाराज, फसवणूक आहे ही! कपडे आत गेले खरे, पण धुतलेले बाहेर काढायला कोणीतरी वाकायला नको?”

“मग तुम्ही कशाला आहात, प्रधानजी?” येसू म्हणाली. “महाराज, मी बिजागरीपायी इतके दिवस घाम गाळला. इथे येऊन बघते तर दरबारात प्रत्येकाच्या कमरेला एकेक बसवलेली! आणि काय सुबक काम! कितीही वेळा वाकवा, करकरत म्हणून नाही!”

सगळ्यांच्या माना महाराजांकडे वळल्या. मग महाराज हसले. असे हसले की पोट धरून पार दुमडले, आणि मुकुट डोक्यावरून सुटून थेट उघड्या दारावर पडला!

येसूने रेशमी दोरी हातात घेतली.

“महाराज, मुकुट उचलताय, की लावू दार?”

महाराज आणखीच हसत सुटले. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी येसूच्या हातात घातलं. “राणबाला आत्ताच्या आत्ता सोडा! राज्यातल्या घरोघरच्या यंत्रांना हीच बिजागरी लागेल आणि ती या बापलेकीच्याच भट्टीतून येईल. आणि प्रधानजी, बघताय काय? मुकुट द्या!”

प्रधानजी वाकले. खरंच, जराही करकर झाली नाही.