माळावरचं ऊबघर

त्या राज्यात पाखरं पुष्कळ होती, पण पिल्लं सगळीकडे सारखी निपजत नव्हती. खालच्या दलदलीत गारठा फार, म्हणून तिथल्या पाखरांनी आतून पिसांचं अस्तर लावलेलं बंद ऊबघर बांधलं होतं आणि तिथं पिल्लांची झुंबड उडाली होती. वरच्या उघड्या माळावर मात्र दगड तापत आणि निम्मी अंडी वाया जात.

माळावर एक साळुंकी राहायची. स्वतःच्या घरट्यापेक्षा तिला शेजारणींच्या घरट्यांची काळजी अधिक. ती दलदलीत पाहुणी म्हणून जाऊन आली आणि तिच्या चोचीला विसावा राहिला नाही. अस्तर किती जाड, दार किती अरुंद, सगळं तिला पाठ. गारठ्याबद्दल तेवढी ती बोलली नाही. तिला तो मोठ्या घरचा थाट वाटला होता.

माळाने हुबेहूब तसंच ऊबघर उभारलं. दाराशी पाहुण्यांसाठी पाण्याची परात ठेवली. पहिली अंडी हवीत म्हणून साळुंकीने शेजारच्या टिटवीला गाठलं. डबक्यात पोट भिजवायचं आणि ओलेत्यानेच अंड्यांवर बसायचं, ही टिटवीची रीत. तिची आधीची अंडी ढोरांनी तुडवली होती. यंदा एवढीच उरली होती.

"अगं टिटवे, ओल्या पोटानं बसतात का कुठं? चार पाखरांत बरं दिसतं का ते?"

टिटवी ओशाळली. अंडी आत गेली.

उद्घाटनाला साळुंकीचं भाषण लांबलं आणि ऊन चढलं. पाहुण्यांना आतली सोय दाखवायला ती शिरली आणि तशीच बाहेर आली. आत छान उबदार आहे, असं म्हणाली खरी, पण धाप लागून तिची चोच मिटेना.

टिटवी तिच्याकडे बघत राहिली. "साळूबाई, ऊब आपल्याकडे कमी होती का हो?"

साळुंकीने पुढचं बोलणं अर्ध्यावर सोडलं. माळावर हे प्रथमच घडत होतं. ती सरळ पाहुण्यांच्या परातीत बसली, पोट भिजवलं आणि आत घुसली. स्वतः निवडून लावलेलं अस्तर तिने चोचीने उपसून फेकलं. मग दोघी आळीपाळीने भिजून अंड्यांवर बसत राहिल्या. उन्हं कलली तेव्हा एका अंड्यातून बारीक टकटक ऐकू आली.

बर्फाच्या डोंगरावरून आलेले पाहुणे हे सगळं थक्क होऊन बघत होते. त्यांना दोन शब्द सांगावेत म्हणून साळुंकी धापा टाकत बाहेर आली. तोवर ते परातीपाशी रांगेत उभे होते आणि घरी गेल्यावर चुकायला नको म्हणून एकेक जण पोट भिजवून बघत होता.