केरबाची तीन पोरं आणि शेवटचं आधण

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्यांच्या डोळ्यांदेखत ती घडली त्यांची नावंही आता कुणाला ठाऊक नाहीत. तेव्हा नावं माझ्या पदरची समजा आणि गोष्ट तेवढी ऐका.

नदीकाठी उसाचं एक गाव होतं. गावात एकच गुऱ्हाळ आणि गुऱ्हाळावर एकच गुळव्या. गुळव्या म्हणजे कोण, हे ज्यांनी कधी गुऱ्हाळ पाहिलं नाही त्यांना सांगतो. मोठ्या काहिलीत उसाचा रस उकळत ठेवतात. तो आटत जातो, आणि एक क्षण असा येतो की रसाचा गूळ होतो. त्याआधी काहील उतरवली तर गूळ बसत नाही, नुसता पाघळतो. उशीर झाला तर करपतो, कडू होतो. तो नेमका क्षण ओळखून ‘उतरा’ म्हणणारा माणूस म्हणजे गुळव्या. अख्ख्या गावाची वर्षभराची मेहनत त्याच्या त्या एका शब्दावर अवलंबून असायची.

या गावचा गुळव्या होता केरबा. त्याची नजर अशी, की लांबून नुसता रसाचा रंग आणि बुडबुड्यांचा आकार बघून तो बोट वर करायचा, आणि गूळ पिवळाधमक उतरायचा. दुसऱ्या गावांतले गुळवे थेंबभर पाक गार पाण्यात टाकून त्याची गोळी होते का ते बघत. केरबाच्या गावात याला हसायचे. गोळी करून बघणारा कसला गुळव्या, तो तर चाचपडणारा, असं म्हणायचे.

पण तीस हंगाम वाफेत आणि धुरात काढले, त्याची किंमत केरबाच्या डोळ्यांनी मोजली. हळूहळू सगळं धुकटायला लागलं. केरबानं ते कुणाला सांगितलं नाही, अगदी बायकोलासुद्धा नाही. माणूस गप्प बसला तरी गूळ थोडाच गप्प बसतो! त्या हंगामात एकामागून एक दोन आधणं करपली. आधण म्हणजे एका वेळी काहिलीत चढतो तेवढा रस.

मग एके दिवशी पाटील केरबाच्या ओट्यावर येऊन बसले. माणूस भला होता. आवाज न चढवता त्यांनी सांगितलं, की हंगामाचं शेवटचं आधण तुझ्या पोरांपैकी कुणीतरी उतरवावं. साधलं तर काहील तुझ्याच घरात राहील. नाही साधलं, तर पैलतीरावरचा गुळव्या बोलवावा लागेल, माझा नाइलाज आहे.

 केरबाला पोरं तीन होती. सगुणा थोरली, बिरू मधला आणि गोजरा धाकटी. आणि तिन्ही दगडावरून उठवलेली.

हा दगड म्हणजे त्या गावची शाळा. काहिलीपासून चार हातांवर तो होता. शिकणाऱ्या पोरानं त्याच्यावर बसायचं, हात मांडीवर, तोंड बंद. हलायचं नाही, विचारायचं नाही, फक्त बघायचं. एक अख्खा हंगाम असं बघितलं की गूळ आपोआप कळतो, अशी रीत होती. केरबा तसाच शिकला होता, त्याचा बापही तसाच शिकला होता.

सगुणाला बसवली, तर ती घटकाभरात डोळे मिटायची. केरबा तिला हलवायचा, ती पुन्हा मिटायची. ‘झोपाळू आहे,’ म्हणून उठवली. बिरू बसला, तर त्याचे हात मांडीवर ठरेनात. दगडाखालची ओली माती काढून गोळ्या वळत बसायचा. ‘चुळबुळ्या आहे,’ म्हणून उठवला. आणि गोजरा? तिचं तर विचारूच नका. बाबा, फेस का येतो? बाबा, भेंडीचं पाणी का ओतता? बाबा, काहील गोल का? तिसऱ्या दिवशी केरबानं कपाळाला हात लावला आणि तिलाही घरी पाठवलं.

आता शेवटच्या आधणाला महिना उरला होता. केरबानं तिघांना पुन्हा दगडावर बसवलं. रागावून झालं, समजावून झालं, गूळखोबऱ्याची लालूच दाखवून झाली. सगुणा डोळे मिटतच राहिली, बिरू माती वळतच राहिला. गोजरानं तोंड बंद ठेवलं खरं, पण तेवढ्यानं ती इतकी हिरमुसली, की जेवेनाशी झाली. पोरीचा उतरलेला चेहरा बघून केरबाला स्वतःचीच लाज वाटली.

त्याच वेळी काकवी न्यायला राहीआत्या आली. राहीआत्या म्हणजे गावची सुईण. वय ऐंशीच्या पुढचं, जीभ विशीतली. केरबाला आणि त्याच्या तिन्ही पोरांना तिनंच या जगात आणलेलं. दगडावर ओळीनं बसलेली रडवेली पोरं तिनं बघितली आणि केरबाला बाजूला घेतलं. केरबानं तिला सगळं सांगून टाकलं, डोळ्यांचंसुद्धा. मनावरचं ओझं कधी ना कधी कुणापाशी तरी उतरवावं लागतंच.

राहीआत्यानं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, की हे हात मांडीवर, तोंड बंद, हे कुणी ठरवलं? केरबा म्हणाला, पहिल्या गुळव्यानं, आमच्या खापरपणजोबांनी.

राहीआत्या पदर तोंडाला लावून इतकी हसली, की तिला खोकला आला. “अरे, माझी आजी त्याला ओळखत होती. तो मुका होता बाबा! त्याला बोलता येत नव्हतं म्हणून तो न बोलता शिकवायचा. तुम्हाला काय झालंय? आणि हात मांडीवर का, ते ऐक. एका पोराचा हात भाजला, म्हणून त्यानं आठ दिवस सगळ्यांना हात मांडीवर ठेवायला लावले. त्या आठ दिवसांच्या तुम्ही चार पिढ्या केल्यात.”

 इतकी वर्षं ज्या रितीपुढे केरबा मान तुकवत आला, ती एका बिचाऱ्या माणसाची अडचण होती.

“आता एक कर,” राहीआत्या म्हणाली. “आठ दिवस पोरांना काही शिकवू नकोस. रस बघतोस ना डोळ्यांत तेल घालून, तसं आठ दिवस पोरांकडे बघ. जवळचं तर दिसतं ना अजून?”

केरबाला हे पटलं नाही. महिन्यातले आठ दिवस नुसते बघण्यात घालवायचे म्हणजे काय? पण राहीआत्याचा शब्द मोडायची गावात कुणाची टाप नव्हती. त्यानं पोरांना मोकळं सोडलं आणि त्यांच्या मागेमागे हिंडू लागला.

पहिले दोन दिवस त्याला नुसता राग आला. तिसऱ्या दिवशी सगुणा काहिलीकडे पाठ करून चिपाडं निवडत बसली होती. चिपाडं म्हणजे रस काढून उरलेला ऊस, तोच चुलवाणात जाळायचा. निवडता निवडता ती डोळे मिटून आईला म्हणाली, की डाव्या बाजूचा जाळ कमी झालाय, रस तिकडे हळू बोलतोय. केरबानं वाकून पाहिलं. डाव्या बाजूची चिपाडं खरंच विझली होती. पोर झोपत नव्हती, ऐकत होती. डोळे मिटले की तिला जास्त ऐकू यायचं. आणि आपण तिला हलवून हलवून जागं करत होतो, हे आठवून केरबाला चुटपुट लागली.

पाचव्या दिवशी बिरूनं वळलेल्या मातीच्या गोळ्या त्यानं हातात घेतल्या. पंचवीस गोळ्या होत्या आणि एकीत दुसरीहून तिळभर फरक नव्हता. मग बिरूनं गार झालेल्या काकवीत बोट बुडवलं, अंगठ्यावर घासलं आणि सहज म्हणाला, कालच्यापेक्षा आज दाट आहे. केरबाला डोळ्यांनी जे दिसत नव्हतं, ते या पोराच्या बोटांना कळत होतं.

आणि गोजरा? सातव्या दिवशी ती शेजारच्या पोरांना गोळा करून गुऱ्हाळ शिकवत होती. बैल हाकणाऱ्याला, जाळ घालणाऱ्याला, ढेपा बांधणाऱ्या बायकांना विचारून विचारून तिनं सगळं जमवलं होतं. भेंडीच्या पाण्यानं मळी, म्हणजे रसातली घाण, वर येते आणि मगच ती काढता येते, हे तिनं इतकं स्वच्छ सांगितलं, की कुडाआड उभा राहून ऐकणाऱ्या केरबालाही ते पहिल्यांदाच नीट उमगलं. तो आजवर ते पाणी ओतत आला होता, कारण बाप ओतायचा.

आठव्या दिवशी केरबा घरी आला, तो हसतच. बायकोनं विचारलं, काय झालं? तो म्हणाला, “अगं, आपल्या घरात तीन गुळवे आहेत आणि मी एक शोधत बसलो होतो.” मग त्यानं आपल्या डोळ्यांचं तिलाही सांगितलं. ती म्हणाली, मला केव्हाच ठाऊक होतं, तुमच्या तोंडून यायची वाट बघत होते.

पुढचे वीस दिवस त्या घरात नुसती धमाल होती. केरबा डोळे मिटून सगुणाशेजारी बसायचा आणि रस कोणत्या घडीला कसा बोलतो ते दोघं मिळून ओळखायचे. बिरूच्या पुढ्यात त्यानं गार पाण्याची वाटी ठेवली आणि म्हणाला, कर लेका गोळ्या, हव्या तितक्या कर. गोजराला सांगितलं, विचार. जे मला येत नाही तेही विचार, आपण दोघं शोधू. त्या दिवशी पोरगी दोन भाकऱ्या जेवली.

शेवटच्या आधणाचा दिवस उजाडला. गाव जमलं. रस चढला, मळी निघाली, आणि तिन्ही पोरं काहिलीपाशी आली. पंचांमध्ये कुजबुज झाली. बसायचं तर एकानं, तेही दगडावर, हे तिघं कसले उभे? आणि त्या पोराच्या हातात पाण्याची वाटी! केरबानं गोळी करणारं पोर उभं केलं?

केरबा पुढे झाला. म्हणाला, “पाटील, मला आता नीट दिसत नाही. दोन आधणं माझ्याच डोळ्यांनी घालवली आणि मी ते लपवलं, माझं चुकलं. पण या तिघांना मी जे दगडावरून उठवलं, ती चूक त्याहून मोठी. त्यांना त्यांच्या रितीनं करू द्या. पुढचं गूळच सांगेल.”

पाटलांनी मान डोलावली. 

रस रटरटू लागला. वाफ इतकी दाटली, की चांगल्या डोळ्यांच्या माणसांनाही काहील दिसेना. सगुणा डोळे मिटून उभी. बिरू पळीनं थेंब घेऊन पाण्यात टाकतोय. मध्ये गोजरा. सगुणा म्हणाली, झालं. बिरू म्हणाला, नाही, अजून चिकट आहे, गोळी धरत नाही.

लोक अस्वस्थ झाले.  ओरडून काहीतरी सांगावंसं वाटलं केरबाला, पण सांगायला त्याच्यापाशी होतं काय? 

गोजरा गडबडली नाही. दोघंही खरं सांगतायत, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. मग दोन खऱ्या गोष्टी वेगळ्या कशा? तिनं सगुणाला विचारलं, “ताई, सगळीकडून ऐकू येतंय का एकाच बाजूनं?” सगुणानं मान कलती केली. “डावीकडून. उजवीकडे अजून पातळ वाजतंय.” गोजरानं बिरूला विचारलं, थेंब कुठला घेतलास? उजवीकडचा, तो म्हणाला.

मग काय! त्या एवढ्याशा पोरीनं जाळ घालणाऱ्या बाप्याला हुकूम सोडला, की डावीकडचा जाळ ओढा, उजवीकडे सारा, आणि ढवळणाऱ्यांना म्हणाली, तळापासून ढवळा. बाप्या मुकाट्यानं वाकला आणि जाळ ओढू लागला. दहा श्वास गेले, वीस गेले. सगुणा म्हणाली, आता सगळीकडून. बिरूच्या चिमटीत गोळी लाखेसारखी घट्ट झाली. गोजरानं पोटातला सगळा दम एकवटून हाक दिली, “उतरा!”

काहील उतरली. वाफ विरली तसा गूळ दिसला, आणि लोकांनी श्वास सोडला. सोनपिवळा, कणीदार, कडेपासून कडेपर्यंत एकसारखा. पाटलांनी खडा तोडला, तोंडात टाकला आणि डोळे मिटून चघळला. मग दुसरा खडा तोडला. लोक हसायला लागले, तेव्हा ते म्हणाले, “काहील याच घरात राहील. फक्त गुळव्याच्या मानाची मला आता तीन पागोटी आणावी लागतील.”

केरबानं तिन्ही पोरांना कवेत घेतलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसत नव्हता.

त्या दिवसापासून गावाला नवी सवय लागली. पोराला कुठल्याही कामाला लावायचं, तर आईबाप आधी आठ दिवस नुसते त्याच्याकडे बघत. कुणाचं पोर गाण्यातून पाढे शिकलं, कुणाचं पोर चिखलात नकाशे काढून गावाची शीव शिकलं. आणि एका घरी कळलं, की त्यांच्या पोराला गुळात काडीचाही रस नाही, पण आजारी वासराजवळ तो बसला की वासरू चरायला लागतं. त्याच्या आईबापानं त्याला आनंदानं गुरांच्या वैद्याकडे धाडलं. पुढे गावातली एकही गाय त्याच्याशिवाय व्याली नाही म्हणतात.

तात्पर्य: मूल कसं शिकतं हे आधी आपण शिकावं, मगच त्याला शिकवायला बसावं.