शेंड्याचं फळ झुपकीचं

माझ्या माहेरी, बांधावर, एक सीताफळीचं झाड आहे.
त्या झाडावर एक खार राहायची. एवढीश्शी. शेपटी मात्र ही झुपकेदार! म्हणून तिचं नाव झुपकी.

झाड हौसाकाकूंचं. काकू लांब काठीच्या आकडीनं फळं काढायच्या. सगळी काढायच्या, पण शेंड्याचं एक ठेवायच्या.
"शेंड्याचं फळ खारीचं," असं म्हणायच्या. दर वर्षी म्हणायच्या.

एका सकाळी झुपकी उठली. डोळे चोळले. वर बघितलं.
अगं बाई! शेंड्याला फळच नाही!
या फांदीवर नाही. त्या फांदीवर नाही. खाली गवतात पण नाही.
"चिक चिक! माझं फळ कुठं गेलं?"

त्या दिवशी गावात फळांची जत्रा होती. सगळ्या शेतकऱ्यांनी मिळून भरवलेली. आपल्याच मातीतली फळं. पेरू, चिकू, आवळे, सीताफळं. मांडव घातला होता. पाट्या मांडल्या होत्या. प्रत्येक पाटीवर फडकं, फडक्याला गाठ.
पण जत्रेत फळं घ्यायला माणूस नव्हतं. एकसुद्धा नाही.

झुपकी निघाली. सुर्र सुर्र... टुक!
मांडवात काकू आपल्या पाटीपाशी बसल्या होत्या.
"काकू काकू, माझं शेंड्याचं फळ द्या!"
काकूंनी जीभ चावली. "गेलं का तेपण? घाईत आकडी लागली गं. पाटीत तळाशी असंल."
"मग द्या ना!"
"देईन गं झुपके. पण गाव आलं, तर पाटी सुटंल. सगळ्यांनी एकदम सोडायची, असं ठरलंय. आणि गाव बघ, कुठं दिसतंय का?"
काकूंचं तोंड एवढंसं झालं होतं.

झुपकी निघाली. सुर्र सुर्र... टुक!
पारावर बसले होते अंतूतात्या. तात्या उठले, की सगळं गाव उठतं. तात्या एक सफरचंद खात होते. लांबून आलेलं. त्याला चिकटवलेला कागदसुद्धा तसाच!
"तात्या तात्या, गावाला घेऊन चला ना!
पाटी सुटेना,
माझं शेंड्याचं फळ मला मिळेना!"
तात्या म्हणाले, "येईन गं झुपके. पण हलगी वाजली, तर गाव येईल. हलगी नाही आणि जत्रा? आमच्या लहानपणी असलं नव्हतं बाई!"

झुपकी निघाली. सुर्र सुर्र... टुक!
मांडवाच्या खांबाला हलगी टांगली होती.
"हलगीताई, हलगीताई, वाज ना!
गाव येईना,
पाटी सुटेना,
माझं शेंड्याचं फळ मला मिळेना!"
हलगी म्हणाली, "वाजेन गं झुपके. पण शेकोटी पेटली, तर हलगी वाजेल. रात्रभर दव पडलं. माझं कातडं सैल झालं. ऐक."
थप. थप.
ही काय हलगी झाली? ही तर भाकरी झाली!

झुपकी निघाली. सुर्र सुर्र... टुक!
मांडवामागं शेकोटी होती. विझल्यासारखी. राखेत एकच निखारा. (लांबूनच बोलली हं झुपकी. जवळ नाही गेली. आपणपण जायचं नाही.)
"शेकोटीबाई, शेकोटीबाई, पेट ना!
हलगी वाजेना,
गाव येईना,
पाटी सुटेना,
माझं शेंड्याचं फळ मला मिळेना!"
शेकोटी म्हणाली, "पेटेन गं झुपके. पण पाला पडला, तर शेकोटी पेटेल. वाळका, कुरकुरीत पाला. जा, तुझ्या झाडाला विचार."

झुपकी निघाली. सुर्र सुर्र... टुक!
परत आपल्याच झाडाशी.
"झाडा झाडा, पाला दे ना!
शेकोटी पेटेना,
हलगी वाजेना,
गाव येईना,
पाटी सुटेना,
माझं शेंड्याचं फळ मला मिळेना!"
झाड म्हणालं, "देईन गं झुपके. पण बी पुरलं, तर पाला पडेल. औंदा माझी सगळी फळं गेली. एक बीसुद्धा मातीत नाही पडलं. मग माझं बाळ कुठून येणार?"

झुपकीनं आपल्या फांदीकडे बघितलं.
तिच्याकडे एक बी होतं. एकच. काळंभोर, गुळगुळीत.
मागच्या वर्षी तिनं आणि तिच्या आईनं शेंड्याचं फळ खाल्लं होतं. एक घास आईनं. एक घास झुपकीनं. त्यातलं हे बी. आता आई पलीकडच्या रानात गेली होती. झुपकी रोज बी गालाला लावून झोपायची.

झुपकीनं बी आणलं. वास घेतला. अजून थोडा गोड येत होता.
मग खुर खुर खुर माती उकरली. बी ठेवलं. वर माती लोटली. थप थप थप.
"झोप हं," म्हणाली.

झाड हललं. सळसळ सळसळ!
पाला पडला. वाऱ्यानं उडत शेकोटीत गेला.
शेकोटी पेटली. चट् चट् चट्!
हलगी शेकली. हलगी वाजली. डगडग कडाड! डगडग कडाड!
तात्या उठले. सफरचंद खिशात गेलं.
गाव आलं. आज्या आल्या, पोरं आली, कडेवरची बाळंसुद्धा आली.
पाटी सुटली. सगळ्या पाट्या सुटल्या!

आणि काय वास सुटला म्हणता!
तात्यांनी काकूंच्या पाटीत हात घातला. थेट तळाशी. एक सीताफळ उचललं. मोठ्ठं. पिकून डोळे उघडलेलं.
"हे माझं!"
"चिक!" झुपकी ओरडली.
हलगी थांबली. सगळे थांबले.
काकू म्हणाल्या, "तात्या, ठेवा ते. शेंड्याचं आहे."
तात्यांनी फळाकडे बघितलं. झुपकीकडे बघितलं.
"शेंड्याचं होय? मग खारीचं. माझी आईपण असंच म्हणायची."
तात्या खाली वाकले. फळ झुपकीसमोर ठेवलं.

मग काकूंनी तात्यांना दुसरं सीताफळ दिलं. तात्यांनी एक घास खाल्ला. डोळे मिटले.
"तस्संच आहे गं हौसा. लहानपणी होतं, तस्संच."
आणि बी उडवलं. फुर्रर्र!
पोरांनी उडवलं. फुर्रर्र! आज्यांनी उडवलं. फुर्रर्र! (बी गिळायचं नाही हं, सोन्या. फुर्रर्र करायचं.)
सगळ्या पाट्या रिकाम्या झाल्या. काकूंचं तोंड हे एवढं मोठ्ठं झालं, हसून हसून.

झुपकी फळ खाऊन झाडावर गेली. नवं बी गालाला लावलं. झोपली.

आता त्या बांधावर दोन झाडं आहेत. एक मोठं, एक छोटं. छोट्याला पण फळं येतात. मी माहेरी गेले, की खाते. शेंड्याचं तेवढं ठेवते.

गर खारीचा, बी मातीचं,
आणि गोष्ट तुझी.