रिकाम्या पागेची वैरण

नदीच्या वळणावर एक गाव होते. गावात खंडेरायाचे देऊळ होते, देवळाला लागून देवाची पागा होती, आणि पागेत घोडा नव्हता.

देवाचा जुना घोडा वृद्ध होऊन गेला, त्याला सहा वर्षे झाली होती. कोणी भक्त नवसाचा घोडा वाहील तेव्हा पागा पुन्हा भरेल, अशी सर्वांची श्रद्धा होती. तोवर ठाण मोडू द्यायचे नाही, असा नियम होता. रोज सकाळी रिकाम्या ठाणावर हिरव्या गवताची पेंढी आणि ओंजळभर भिजवलेले हरभरे ठेवायचे, दगडी डोणीत ताजे पाणी भरायचे, आणि दिवस मावळताना ती वैरण भंडारा लावून नदीत सोडायची. देवाच्या घोड्याच्या नावाची वैरण दुसऱ्या जनावराच्या तोंडी लागता कामा नये.

ही सेवा अंबाजी नावाच्या सेवेकऱ्याकडे होती. त्याच्या आधी ती त्याच्या वडिलांनी केली होती आणि त्यांच्या आधी आजोबांनी. अंबाजी खोटे बोलत नसे. अंगात ताप असतानाही त्याने सेवा चुकवली नव्हती. पागेची जमीन तो स्वतःच्या हाताने सारवीत असे. त्या जमिनीवर सहा वर्षांत एका खुराचा ठसा उमटला नव्हता, आणि याचा त्याला अभिमान होता.

चैत्र महिना होता. कुरणे करपून गेली होती. गावात हिरवे असे काही उरले असेल, तर ते देवाच्या मळ्यातले गवत.

अशा दिवसांत कोंडाबाई नावाची एक विधवा घाटावर आली. ती गावोगाव मीठ विकत असे. तिची घोडी माघात मेली होती. मागे राहिले होते घोडीचे दीड वर्षाचे शिंगरू. अंगाने तांबूस, कपाळावर पांढरी कोर. त्याचे नाव तिने पाखऱ्या ठेवले होते. पुढच्या वर्षी पाखऱ्या पाठीवर गोणी घेईल, या एका आशेवर ती यंदा मीठ स्वतःच्या डोक्यावरून वाहत होती.

त्याच वेळी पलीकडच्या तीरावरून नाव आली, आणि नावेतून एक माणूस निरोप घेऊन उतरला.

"कोंडाबाई, तुमची लेक कालपासून अडली आहे. सुईणीने हात टेकले. ती सारखं तुमचंच नाव घेते आहे."

कोंडाबाई तशीच नावेकडे धावली. शिंगरूही मागोमाग निघाले. तेव्हा नावाडी धाकू याने वल्हे आडवे धरले.

"मावशी, तुम्ही बसा. घोडं नाही. मधोमध डोह आहे. तिथे हे बुजलं, तर दहा माणसं तळाला जातील."

"मग उताराने, पाण्यातून चालत नेऊ?"

"उतार पाच कोस खाली. आज पोचायच्या नाहीत तुम्ही. आणि ही खेप गेली की वारं उठतं. मग उद्या सकाळपर्यंत नाव नाही. मी माणसं बसवून घेतो, तेवढ्यात याची कुठे तरी सोय लावा."

कोंडाबाई गावात शिरली.

पाटलीणबाई दारातच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आमची घोडी शेजारी दुसरं जनावर उभं राहू देत नाही गं. तुझ्याच शिंगराच्या छातीत लाथ बसायची."

देवजी माळी म्हणाला, "माझेच बैल अर्ध्या पोटावर आहेत, बाई. याला दारात बांधून घेऊ आणि याच्यादेखत त्यांना घालू?" तरी त्याने आत जाऊन कडब्याच्या दोन पेंढ्या आणून दिल्या. त्याच्याकडे त्याहून अधिक नव्हते.

चावडीवर चार माणसे बसली होती. त्यातला एक थट्टेखोर म्हणाला, "अहो बाई, एवढी वणवण कशाला? इथे घोड्याविना पागा आहे, तुमच्यापाशी पागेविना घोडा आहे. सोयरीक जमवून टाका!"

सगळे हसले. कोंडाबाई हसली नाही. ती शिंगरू घेऊन सरळ पागेकडे गेली.

अंबाजी नुकताच ठाणावर पेंढी ठेवून उठत होता.

"बुवा, दोन दिवस याला कोपऱ्यात उभं राहू द्या. लेकीचा जीव अडलाय. आल्यावर शेण मी काढीन, जमीनही सारवून देईन."

"बाई, हे देवाचं ठाण आहे."

"देवाचं आहे म्हणूनच मागते. माणसांची ठाणं विचारून आले."

अंबाजीचे मन क्षणभर हलले. तो काही बोलणार, इतक्यात शिंगराने मान लांब केली आणि गवताचा वास घेतला. अंबाजी चटकन मध्ये आला.

"नाही. उद्या नवसाचा घोडा आला, तर त्याला उष्ट्या ठाणावर उभा करू? सहा वर्षं राखलंय मी हे. माझ्या हातून मोडायचं नाही."

"घोडा दिसला की त्याच घटकेला याला बाहेर काढा. मी तोंडातून शब्द काढणार नाही."

"नियम आहे, बाई. मी घातलेला नाही."

घाटावरून धाकूची हाक आली. मग दुसरी आली. कोंडाबाईने घाटाच्या वरच्या अंगाला करंजाखाली मेख ठोकली, तिला शिंगरू बांधले आणि कडबा पुढे टाकला. अंबाजी तिच्यामागे तिथवर आला होता. शिंगरावर लक्ष ठेवण्याचे त्याने कबूल केले. दोन वेळा पाणी पाजण्याचेही कबूल केले. वैरणीविषयी तो काही बोलला नाही, आणि तिलाही विचारायला उसंत नव्हती.

तिने शिंगराच्या कपाळावर हात ठेवला. "पाखऱ्या, बुवांचं ऐकायचं बरं." एवढे म्हणून ती नावेत बसली.

दोन दिवस गेले. कोंडाबाई आली नाही. कडबा संपला.

अंबाजी शब्दाला जागला. सकाळ-संध्याकाळ तो शिंगराला पाणी पाजी, त्याच्या अंगावरच्या माश्या उडवी. गावातील माणसे त्याच वाटेने नदीवर जात. ती शिंगराकडे पाहत आणि म्हणत, "देवाच्या दारात बांधलेलं आहे. त्याची काळजी देवाला." असे म्हटले की त्यांना पुढे जाणे सोपे होई.

तिसऱ्या दिवशी शिंगराने करंजाची साल सोलून खाल्ली.

पागेपासून नदीकडे जाणारी वाट करंजाजवळूनच जात होती. रोज सायंकाळी अंबाजी हिरवी पेंढी घेऊन तिथून जाई. शिंगरू दावे ताणून पुढे येई. त्याचा श्वास लागून वैरण उष्टी होऊ नये, म्हणून अंबाजी पेंढी डोक्यावर उंच धरी. मग तो पायऱ्या उतरे, भंडारा लावी, आणि पेंढी पाण्यात सोडी. संथ पाण्यावर ती बराच वेळ तरंगत राही. शिंगरू ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत राही.

चौथ्या सायंकाळी अंबाजीचे पाऊल करंजाखाली थांबले. शिंगराच्या बरगड्या दिसू लागल्या होत्या. ते हिसका देत नव्हते, नुसते उभे होते. अंबाजीच्या मनात आले, ही पेंढी इथेच टाकली तर कोण पाहणार आहे? आणि त्याचे त्यानेच उत्तर दिले, देव पाहील.

देव पाहतो, हे त्याला ठाऊक होते. देवाला काय पाहणे आवडेल, हे त्याने स्वतःला विचारले नाही.

त्याने पेंढी उंच धरली आणि तो पायऱ्या उतरला. वैरण पाण्यात सोडून, हात जोडून, देवापुढे दिवा लावण्यासाठी तो परत चढू लागला. देवळाच्या दाराशी पोचतो न पोचतो तोच मागे पाणी वाजले.

चार दिवसांच्या ओढाताणीने मेख ढिली झाली होती. शिंगरू ती उपटून, दाव्यासह फरफटत घेऊन, पेंढीमागे नदीत उतरले होते. पेंढी डोहाकडे सरकत होती. शिंगरू पोहत तिच्यापर्यंत पोचले. तेवढ्यात पाण्याखाली मेख कुठल्याशा कपारीत अडकली आणि दावे ताठ झाले.

अंबाजी धावला. कमरेइतक्या पाण्यात गेला, मग छातीइतक्या. त्याला पोहता येत नव्हते. त्याने हाका मारल्या. माणसे आली, पोहणाऱ्यांनी उड्या घेतल्या. दावे कापून त्यांनी शिंगरू काठावर आणले, तेव्हा त्यात प्राण उरला नव्हता.

त्याच्या दातांत हिरवे गवत होते. त्यावरचा भंडारा अजून पुरता धुऊन गेला नव्हता.

पाचव्या दिवशी सकाळी कोंडाबाई नावेतून आली. धाकूला सर्व ठाऊक होते, पण नाव वल्हवताना त्याने मान वर केली नव्हती. घाटावर अंबाजी उभा दिसताच तिने नावेतूनच सांगितले, "बुवा, नात झाली! लेक वाचली. खंडेरायाने लाज राखली. तुमच्यासाठी सुंठवडा आणलाय. तुम्ही पाखऱ्याकडे पाहिलंत, म्हणून मला तिथे राहता आलं."

मग तिची नजर करंजाकडे गेली.

अंबाजीने तिला सर्व सांगितले. काही लपवले नाही. शेवटी तो म्हणाला, "पाणी मी दोन्ही वेळा पाजत होतो, बाई."

कोंडाबाईने करंजाच्या सोललेल्या बुंध्यावर हात फिरवला. मग तिने विचारले, "बुवा, त्याला भूक लागली होती, हे तुम्हाला कळलं होतं?"

"कळलं होतं."

"बरं."

सुंठवडा त्याच्या नावाने आणलेला होता, म्हणून तो तिने पायरीवर ठेवला. मग मिठाची गोणी डोक्यावर घेऊन ती चालू लागली. तिने केलेली निंदा अंबाजीला सोसली असती. ती एक कठोर शब्द बोलली असती, तर त्याने पाय धरले असते. तिने ती संधी त्याला दिली नाही.

त्या दिवशी देवळात माणसे जमली. जो तो अंबाजीचे समाधान करू लागला. अंबाजी पुन्हा पुन्हा म्हणत होता, "नियम तर मी मोडला नाही. नियम तर मोडला नाही."

बयाआजी खांबाला टेकून बसली होती. गावात तिच्याहून वयाने मोठे कोणी नव्हते. ती म्हणाली, "कुठला नियम म्हणतोस, अंबाजी?"

"वैरण नदीत सोडायचा, आजी."

"तो कसला नियम? मी परकर नेसत होते तेव्हाही एकदा पागा अशीच रिकामी होती. ठाणावर वैरण ठेवायची, आणि सांजेला जो कोणी वाटसरू येईल त्याच्या जनावराला घालायची. देवाचा घोडा नाही, तर देवाच्या दारी आलेला घोडा. जनावरंही आतच बांधत."

अंबाजीचा चेहरा उतरला. "मग नदीत?"

"मग पटकीची साथ आली. वाट ओस पडली. वैरण ठाणावर कुजायला लागली. तुझा आजा म्हणाला, नासण्यापेक्षा नदीत सोडू, मासे तरी खातील. साथ गेली, वाटसरू परत आले. हात मात्र नदीकडेच जात राहिला."

"आजी, हे चार दिवसांपूर्वी सांगितलं असतंस तर!"

म्हातारीने डोळ्यांना पदर लावला. "मला कोणी विचारलं नाही. आणि खरं सांगू? मीही त्याच वाटेने गेले रे, चारही दिवस. मीही म्हटलं, देव बघेल."

देवळात जमलेला प्रत्येक जण त्या वाटेने गेला होता.

दुसऱ्या दिवसापासून पागेचे दार उघडे राहू लागले. वाटसरूंची तट्टे, ओझ्याची गाढवे, लंगडलेले बैल तिथे रात्रीपुरते उभे राहू लागले. सारवलेल्या जमिनीवर खुरांचे ठसे उमटले. अंबाजी ती वैरण आपल्या हाताने त्यांच्यापुढे ठेवी. पुढे मार्गशीर्षात एका भक्ताने नवसाचा घोडा वाहिला. गावाने आनंद केला. तो घोडा वाटसरूंच्या जनावरांच्या शेजारी उभा राहून खाऊ लागला, आणि त्यामुळे देवाचे काही उणे झाले नाही.

अंबाजीने रोज एक पेंढी वेगळी ठेवली. कोंडाबाई कधी आली, तर तिच्यासोबत एखादे जनावर असेल, या आशेने. वर्ष गेले. एकदा त्याने धाकूला विचारले.

धाकू म्हणाला, "मावशी हल्ली या घाटाला येत नाहीत. पाच कोस खालच्या उताराने जातात. मीठ डोक्यावरच असतं."

त्या सायंकाळी अंबाजी सवयीने पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत गेला. हातात पेंढी नव्हती. तो तिथे थोडा वेळ उभा राहिला, आणि दिवा लावण्यासाठी परत फिरला.

तात्पर्य: नियम कोणाच्या भुकेसाठी घातला होता, हे जो विसरतो, त्याच्या हातून निष्ठेनेच अन्याय घडतो, आणि पुढे कितीही पश्चात्ताप केला, तरी वेळेवर न दिलेला घास मागाहून देता येत नाही.