कमानीखाली उभं राहायचं कोणी?

एकदा एका गावी कन्याशाळेच्या दारावर दगडी कमान चढत होती. ती रचणारी होती एक तरुण शिष्या, आणि तिच्या वृद्ध गुरू म्हणजे त्या मुलखातल्या पहिल्या स्त्री वास्तुविशारद. सारे त्यांना ‘बाई’ म्हणत. बाईंनी पूल बांधले, देवळं बांधली. पण गावोगाव गाजली ती त्यांची एक रीत. कमानीखालचा लाकडी आधार काढताना बाई स्वतः खाली जाऊन उभ्या राहत. कमान कोसळलीच, तर आधी त्यांच्या डोक्यावर!

शिष्येची ही पहिलीच कमान. आधार काढायचा दिवस उजाडला, तसे शाळेचा खर्च उचलणारे शेटजी येऊन बसले आणि म्हणाले, “मुली, बाई उभ्या राहायच्या, तशी तूही राहा. नाहीतर पुढचं काम दुसऱ्याकडे देतो. बाईमाणसाच्या हातचं बांधकाम, खात्री नको का करून घ्यायला?”

“राहते की!” शिष्येने पदर खोचला. जिवाचं रान करून तिने ती कमान रचली होती. भीती कसली?

तोच बाईंनी काठी आडवी धरली. “नाही. तू उभं राहायचं नाहीस.”

शिष्या बाईंकडे वळली. जन्मभर स्वतः उभ्या राहिल्या, आणि आज मला अडवतात? “बाई,” ती म्हणाली, “माझ्या कामावर तुमचा भरवसा नाही?”

“अगं वेडे, तुझा एकेक दगड मी पारखला आहे. ही कमान तुझ्या नातवंडांनाही पुरून उरेल. पण ऐक. तुझ्या वयाची असताना मलाही लोकांनी असंच उभं केलं. वाटलं, एकदा जीव पणाला लावला की यांचा संशय फिटेल. कसला फिटतोय! पुढच्या गावी पुन्हा तेच. शेवटी मीच त्याला माझी रीत म्हणू लागले. लोक टाळ्या वाजवत होते ना!” बाई शेटजींकडे वळल्या. आता त्यांच्या डोळ्यांत अंगार होता. “तुमच्या गावची वेस पुरुषाने बांधली. तिला तडे गेले. त्याला कोणी खाली उभं केलं, शेटजी? या मुलीला तिच्या नकाशाबद्दल हवं ते विचारा, ती उत्तर देईल. तिचं डोकं तारण म्हणून मिळणार नाही. ही वाईट चाल मी पाडली, मीच मोडते.”

शिष्येने कमानीकडे पाहिलं. हातचं काम जाणार, हे तिला कळत होतं.

“शेटजी, काम काढून घ्यायचं तर खुशाल घ्या,” ती म्हणाली. “मी उभी राहणार नाही.” मग तिने गवंड्यांना हाक दिली, “सगळे बाजूला व्हा. काढा पाचरी!”

पाचरी निघाल्या. लाकडं खाली आली, थोडी धूळ उडाली. कमान तसूभर हलली नाही.

शेटजी खाकरले. “ठीक आहे, काम तूच पुरं कर. पण पुढच्या कमानीला तरी...”

“पुढच्याही नाही,” शिष्या म्हणाली.

तिने बाईंचा हात धरला, आणि दोघी कमानीखालून आत गेल्या. माणसं आपल्या घराच्या दारातून जातात, तशा. आत पुढच्या वर्गाच्या पायाची आखणी व्हायची होती.