पहारेकऱ्याची पाठ

"मग त्या पहारेकऱ्याला काहीच आठवत नाही?" फकीर जमालबाबांनी विचारलं.

"काही नाही, बाबा. तीच तर गंमत आहे."

प्रणीतने खेळ चालू असलेला मोबाइल पुढे धरला. पडद्यावर एक किल्ला होता. कंदील घेतलेले पहारेकरी फेऱ्या घालत होते आणि एक इवलासा माणूस भिंतीला चिकटून सरकत होता. कंदिलाचा उजेड त्याच्यावर पडला. प्रणीतने बोट दाबलं. पहारेकरी उलट्या पावलांनी मागे गेला, उजेड मागे गेला, माणूस पुन्हा अंधारात उभा.

"दहा सेकंद मागे," प्रणीत म्हणाला. "हवं तितक्या वेळा. सगळ्यांच्या फेऱ्या पाठ होतात. कोण कधी वळणार, ते त्याच्याआधी आपल्याला कळतं."

"आणि भीती?"

"वाटते की. पण ती बरी वाटते. बटण आपल्या हातात असतं ना."

"तो विसरतो. तू?"

"मी कसा विसरेन? विसरलो तर पुन्हा तिथंच सापडेन."



प्रणीत साखर कारखान्याचा सुरक्षा अधिकारी. हुशार म्हणून तालुक्यात नाव होतं, आणि ते त्यालाही ठाऊक होतं. अकरा दिवसांपूर्वी इरण्णा कोळेकर नावाचा मजूर मळीच्या टाकीत साफसफाईला उतरला, तो वर आलाच नाही. आतला वायू तपासल्याच्या कागदावर प्रणीतची सही होती. तपासायचं यंत्र त्याच्या कपाटातून बाहेरच निघालं नव्हतं. तो कागद आता फाइलमध्ये नव्हता. चौकशी आज दुपारी बारा वाजता बसायची होती. अहवाल मात्र परवाच टाइप होऊन तयार होता. इरण्णा दारू पिऊन, कोणाला न विचारता उतरला, असं त्यात लिहिलं होतं. इरण्णा माळकरी होता. उभ्या जन्मात त्याने दारूला हात लावला नव्हता.

"आलास कशाला?" फकिरांनी विचारलं.

"आज बाराला टाकीतल्या मृत्यूची चौकशी आहे. जेवण जात नाही. लोक म्हणतात तुमच्या ताईताने भीती जाते."

"कोणाची भीती?"

"तेच कळत नाही. कोणी बघितलेलं नाही मला."

"कुठे?"

प्रणीत हसला. "कुठेच नाही."

जमालबाबा उठले. तकियाच्या, म्हणजे फकिरांच्या मठीच्या, अंगणात वडाची वाळलेली पानं पसरली होती. ते पानांतून चालत भिंतीपाशी गेले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

"मी पहारेकरी. चपला काढ. माझ्या नकळत फाटकापर्यंत जाऊन दाखव. गेलास तर ताईत देतो."

"एवढंच?"

चौथ्या पावलाला पान वाजलं.

"सापडलास. मागे ये. मी विसरलो."

दुसऱ्यांदा तो अंगणातल्या रांजणापर्यंत पोचला.

"सापडलास. मागे ये. मी विसरलो."

आवाज तोच. जणू पहिल्यांदाच बोलत होते. प्रणीतच्या पाठीवरून घाम ओघळला.

तिसऱ्यांदा त्याला एकेक पान पाठ होतं. हे टाळायचं, त्या दगडावर टाच, रांजणामागे थांबायचं, मोजायचं… तीन… चार… पाच…

तो फाटकाशी पोचला. काहीही वाजलं नव्हतं.

"बाबा, पोचलो."

त्याने वळून पाहिलं.

"बाबा?"

पांढऱ्या कफनीतली पाठ हलली नाही. फाटकाची कडी त्याने दोन्ही हातांनी धरली, तरी ती वाजायला लागली.

"कोणी बघितलं नाही, बाबा. टाकीवरचा कॅमेरा डावीकडे वळला की अकरा सेकंद मिळतात. मला पाठ होतं. इरण्णाचा मदतनीस बादली आणायला गेला होता. न तपासता उतरवलेल्या माणसाजवळ मला दिसायचं नव्हतं. मी पाइपाच्या आडून निघालो…"

वडावर एक कावळा ओरडला आणि उडून गेला.

"तो आतून म्हणत होता, साहेब, दोर खाली सोडा. साहेब, दोर. माझे अकरातले सात मोजून झाले होते."

"मग?"

"थांबलो असतो तर मोजणं चुकलं असतं."

प्रणीत उभा होता, इतका वेळ की सावली त्याच्या पायावरून सरकली.

"सापडलास," जमालबाबा म्हणाले.

प्रणीत पुढचं ऐकायला थांबला.

"मागे ये म्हणा ना, बाबा."

त्याने कडी सोडली.

"एकदा म्हणा. विसरलो म्हणा."

जमालबाबांनी वळून पाहिलं. त्याच्याकडे, त्याच्या अनवाणी पायांकडे, मग त्याच्या मागच्या रस्त्याकडे.

"फाटक उघडंच आहे," ते म्हणाले. "बारा वाजायला अजून वेळ आहे."